पथ्याची चोरी

दवाखान्यात दोन वाक्ये मी रोज ऐकतो. “डॉक्टरसाहेब, गोड तर मी हातात धरत नाही,” हे पहिले आणि “गोळ्या अगदी वेळच्या वेळी घेतो,” हे दुसरे. मधुमेहाच्या रुग्णांत ही दोन्ही वाक्ये पुष्कळदा खोटी असतात. बोलणारा माणूस मात्र बहुधा सरळमार्गी असतो. धंद्यात पैशाची लबाडी न करणारा गृहस्थ लाडवाच्या बाबतीत का फसवतो, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

या चोरीची एक ठरलेली रीत आहे. तपासणीची तारीख जवळ आली की तीन दिवस कडक पथ्य पाळायचे. उपाशीपोटीच्या रक्तात साखर बेताची दिसते आणि सर्वांचे समाधान होते. पण एचबीएवनसी या तपासणीपुढे ही युक्ती चालत नाही. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात साखर त्यांतील हिमोग्लोबिनला चिकटत राहते. त्यामुळे मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब एकाच आकड्यात मिळतो. मधुमेहींच्या हिमोग्लोबिनमधला हा बदल इराणचे डॉ. सॅम्युअल रहबर यांनी १९६८ मध्ये दाखवून दिला होता.

आता कारणे पाहू. पहिले कारण म्हणजे हा आजार दुखत नाही. दाढ ठणकली तर माणूस रात्रीच धावतो. साखर वाढली तरी अनेक दिवस काही जाणवत नाही. दुसरे कारण म्हणजे आपली रीतभात. आखाजीला पुरणपोळी व आमरस, ईदला शिरखुर्मा; नको म्हटले तर यजमान रागावतो. तिसरे कारण पैशाचे. गोळ्या संपलेल्या असतात, पण हात आखडता आहे हे सांगायला लाज वाटते. चौथे आणि माझ्या मते सर्वांत मोठे कारण म्हणजे बोलणी. डॉक्टर रागावतात, सून डबे लपवते, मुलगा सर्वांदेखत टोकतो. मग माणूस गोड सोडत नाही, फक्त सांगणे सोडतो.

अतिकडक पथ्यातून काय होते, याचे उदाहरण इतिहासात आहे. टोरांटोत जानेवारी १९२२ मध्ये रुग्णाला पहिल्यांदा इन्सुलिन देण्यात आले. त्यापूर्वी न्यूयॉर्कचे डॉ. फ्रेडरिक ॲलन मधुमेहींना जवळजवळ उपाशी ठेवत. त्यांच्याकडील बारा वर्षांच्या एका अंध मुलाच्या लघवीत साखर दिसतच राहिली. शेवटी उलगडा झाला, तो टूथपेस्ट आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्याचे दाणे खात होता! त्या पोराला लबाड कोण म्हणेल? भूक आणि पहारा एकत्र आले की चोरी जन्माला येते.

मालेगावात यंत्रमागावर काम करणारे एक चाचा माझ्याकडे येत. उपाशीपोटी साखर ११८, एचबीएवनसी मात्र ९.४. मी रागावलो नाही. “चाचा, दिवसात चहा किती होतो?” एवढेच विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “रात्रपाळीला आठ कप. झोप आवरत नाही.” पुढे आपणहून सांगितले की अलीकडे नजर धूसर होते, ताण्याचा तुटलेला धागा वेळेवर दिसत नाही, कापड खराब निघते आणि मजुरी कापली जाते. वाढलेल्या साखरेनेही नजर अशी धूसर होते, हे मी त्यांना समजावले. डोळे तपासून घेतले आणि आठपैकी सहा कप बिनसाखरेचे करायचे ठरवले. तीन महिन्यांनी आकडा ७.८ वर आला. किडनीची भीती त्यांना आधीही अनेकांनी घातली होती; उपयोग झाला तो धाग्याचा.

माणसाला चोरी सोडायला लावणारी गोष्ट त्याच्या रोजच्या जगण्यातच सापडते. भीती आठवडाभर टिकते. आपले काम, आपली मिळकत, नातवंडाला शाळेत पोचवणारे आपले पाय, यांचा साखरेशी संबंध पटला की पथ्य आपलेसे होते. कष्टाचे फळ आकड्यात दिसले की हुरूप वाढतो.

वाचकहो, हे खोटे जिवावरही बेतू शकते. गोळ्या चुकवून “घेतो” म्हटले तर डॉक्टर औषध वाढवतात. मग एखाद्या दिवशी सर्व गोळ्या खरोखर घेतल्या, किंवा तपासणीपूर्वी कोणी दुप्पट घेतल्या, तर साखर एकदम उतरते. दरदरून घाम, थरथर, बरळणे अशी लक्षणे दिसली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर लगेच साखर किंवा गुळाचे पाणी द्यावे. बेशुद्ध असल्यास तोंडात काही न घालता रुग्णालय गाठावे.

घरच्यांनी पहारा सोडून सर्वांसाठी एकच स्वयंपाक करावा. एखादा लाडू खाल्ला गेला तर “आता मोडलेच” म्हणून पूर्ण दिवस वाया घालवू नये. पुढचे जेवण नेहमीप्रमाणे घ्यावे. औषध परवडत नसेल तर स्पष्ट सांगावे, स्वस्त औषधांचा पर्याय असतो. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशी ओलांडलेल्यांची मधुमेह तपासणी मोफत होते. पुढच्या खेपेला दवाखान्यात जाताना काय खाल्ले आणि कोणत्या गोळ्या चुकल्या, हे कागदावर खरे लिहून न्यावे. औषधाचे प्रमाण ठरवायला डॉक्टरांना त्या कागदाचा फार उपयोग होतो.