गाणी कुणाची, गोष्ट कुणाची

लंडन आणि न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक नाट्यप्रकार चांगलाच रुजला आहे. गाजलेला गायक किंवा गायिका घ्यायची, लोकांच्या ओठांवर असलेली तिची गाणी घ्यायची आणि तीच गाणी त्याच चालींत गुंफत तिच्या आयुष्याचं दोन अंकी नाटक उभं करायचं. तिकडे याला ज्यूकबॉक्स म्युझिकल म्हणतात. आपल्या संगीत नाटकाची रीत वेगळी होती. ‘स्वयंवर’साठी (1916) भास्करबुवा बखल्यांनी रागदारीतल्या बंदिशींच्या चाली दिल्या, पण पदं खाडिलकरांनी रुक्मिणीच्या प्रसंगांसाठी नव्याने लिहिली. चाल उसनी घेतली तरी शब्द कथेचेच असत. इथे शब्द आणि चाल दोन्ही आधीच ठरलेले असतात. लेखकाच्या हातात उरतो तो फक्त प्रसंग. नाटक उभं राहणार की नुसताच गाण्यांचा कार्यक्रम होणार, ते त्यावरच ठरतं.

एल्विस प्रेस्ली ऑगस्ट 1977 मध्ये गेला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात लंडनमध्ये त्याच्यावरचं संगीत नाटक रंगमंचावर आलं. 1978 मध्ये पॅम जेम्सने फ्रेंच गायिका एडिथ पियाफवर ‘पियाफ’ लिहिलं. ते मुळात नाटक, आणि गाणी त्या बाईच्या फाटक्या आयुष्यातून फुटलेली. या प्रकाराचा व्यवसाय मात्र खऱ्या अर्थाने उभा केला तो 1989 च्या ‘बडी’ने. बडी हॉली 3 फेब्रुवारी 1959 रोजी आयोवातल्या क्लिअर लेकजवळ विमान अपघातात गेला, तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता. नाटकाच्या अखेरीस त्याची शेवटची मैफल जवळजवळ पूर्ण सादर होते. प्रेक्षक नाचत असतात आणि पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक असतं. नाटक म्हणून संहिता साधीच आहे, पण ही एक योजना इतकी पक्की होती की लंडनमध्ये ते बारा वर्षांहून अधिक चाललं.

पुढची मोठी झेप ‘जर्सी बॉइज’ने घेतली. 2005 मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या या नाटकाचे 2017 पर्यंत 4,642 प्रयोग झाले आणि 2006 चा सर्वोत्कृष्ट संगीत नाटकाचा टोनी पुरस्कारही त्यालाच मिळाला. फ्रँकी व्हॅली आणि ‘फोर सीझन्स’ या चौकडीची ही कथा. मार्शल ब्रिकमन आणि रिक एलिस या लेखकांनी चार ऋतूंचे चार भाग केले आणि प्रत्येक भाग चौघांपैकी एकाच्या तोंडून सांगितला. एक सांगतो की बँड मी उभा केला, दुसरा म्हणतो गाणी माझी, तिसऱ्याला आपल्याला कुणी विचारलंच नाही याची सल आहे. तुरुंगवास, जुगाराचं कर्ज, गुंडांशी लागेबांधे, काहीच लपवलेलं नाही. गाणी बहुतेक वेळा गाणी म्हणूनच येतात, स्टुडिओत किंवा रंगमंचावर. नाटक घडतं ते चौघांच्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत म्हणून. माझ्या मते या प्रकारातली सर्वांत पक्की बांधणी हीच.

पण सगळ्यांना हे स्वातंत्र्य मिळत नाही, आणि त्यामागचं कारण व्यवहाराचं आहे. हॉटेलात किंवा रेडिओवर गाणं वाजवायची परवानगी हक्कसंस्थेकडून सहज मिळते. तेच गाणं नाटकाच्या कथेत पात्राच्या तोंडी घालायचं असेल, तर गाण्याच्या हक्कदाराशी थेट करार करावा लागतो. बहुतेकदा हा हक्कदार खुद्द कलावंत, त्याचे वारस किंवा त्याची प्रकाशन कंपनी असते. म्हणजे ज्याच्यावर नाटक, त्याच्याच हातात तिजोरीची किल्ली. एक प्रसंग त्याला खटकला, तर सगळी गाणीच हातची जाऊ शकतात.

‘एमजे’ (2022) हे याचं ठळक उदाहरण. मायकल जॅक्सनच्या वारसांच्या सहभागाने झालेल्या या नाटकाची संहिता लिन नॉटेज या समर्थ नाटककर्तीची आहे, आणि त्यातला नाच डोळे दिपवणारा आहे. पण कथा थांबते 1992 मध्ये, ‘डेंजरस’ दौऱ्याच्या तालमींपाशी. जॅक्सनवर मुलांच्या लैंगिक छळाचा पहिला जाहीर आरोप झाला तो 1993 मध्ये. नाटकाचा काळ कुठे संपवावा हा लेखकाचा अधिकार आहे. तरीही ज्या प्रश्नामुळे या माणसाबद्दल आजही वाद होतात, त्याच्या उंबरठ्यावर पडदा पाडणं ही कलात्मक निवड आहे असं मला पटत नाही. ‘लेनन’ (2005) योको ओनोच्या संमतीने झालं. त्यात नऊ कलाकारांनी मिळून जॉन लेनन उभा केला, पण बीटल्सच्या काळातली गाणी जवळजवळ नव्हतीच. ते 49 प्रयोगांत बंद पडलं.

काही निर्मात्यांनी चरित्राची वाटच सोडली. क्वीनच्या गाण्यांवरचं ‘वी विल रॉक यू’ 2002 ते 2014 लंडनच्या डॉमिनियन थिएटरात चाललं. दारावर फ्रेडी मर्क्युरीचा भव्य पुतळा होता, पण कथा भविष्यकाळातली, आणि त्या कथेत फ्रेडी नाही. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेल्या, तिथेच शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवणाऱ्या फारूख बलसाराची, म्हणजे खुद्द फ्रेडीची, गोष्ट त्या रंगमंचाने सांगितलीच नाही.

या पार्श्वभूमीवर ‘टीना’कडे पाहावं. 17 एप्रिल 2018 रोजी लंडनच्या ऑल्डविच थिएटरात ते सुरू झालं, तेव्हा टीना टर्नर स्वतः प्रेक्षागृहात होती आणि निर्मितीतही तिचा सहभाग होता. ब्रॉडवेवर ते 2019 मध्ये गेलं. ॲड्रिएन वॉरनला त्यातल्या भूमिकेसाठी टोनी मिळाला.

मूळ आयुष्यच असं आहे की लेखकाला काही रचावं लागू नये. टेनेसीतल्या नटबुश गावची ॲना मे बुलक, 1939 चा जन्म. आई घर सोडून गेली. सेंट लुईसमध्ये आइक टर्नरचा बँड भेटला, आणि 1960 च्या पहिल्या यशाबरोबर आइकने तिला नवं नाव दिलं. मग सोळा वर्षं गाणं आणि मारहाण. जुलै 1976 मध्ये डॅलसच्या हॉटेलातून ती पळाली, तेव्हा जवळ 36 सेंट आणि एक पेट्रोल कार्ड होतं. 1978 मध्ये घटस्फोट झाला. त्यात तिने हट्टाने मिळवलं ते स्वतःचं रंगमंचावरचं नाव. आणि 1984 मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचली.

कटोरी हॉल यांनी फ्रँक केटेलार आणि केस प्रिन्स यांच्यासह लिहिलेल्या संहितेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे गाण्यांचा काळ त्यांनी बेधडक हलवला. ‘आय डोन्ट वॉना फाइट’ हे 1993 चं गाणं. नाटकात ते पहिल्या अंकाच्या अखेरीस, आइकला सोडून निघतानाच्या प्रसंगी येतं. जे बोलायला टीनाला सतरा वर्षं लागली, ते पात्र त्या क्षणीच बोलतं. ‘प्रायव्हेट डान्सर’ 1984 चं, पण इथे ते पोटासाठी मिळेल तिथे गाणाऱ्या एकट्या बाईचं स्वगत होतं. ज्या गाण्याने तिला वैभव मिळवून दिलं, ते हलाखीच्या दिवसांना लावल्यावर त्याच शब्दांचा अर्थ कडू होतो. पाठ असलेलं गाणं प्रेक्षक पहिल्यांदा ऐकावं तसं ऐकतो. या प्रकारात याहून मोठं यश नाही.

हिंसा नाटकाने झाकलेली नाही. आइकबद्दलच्या प्रश्नांचा टीनाला आयुष्यभर उबग आला होता. तरीही तिने ती हिंसा रंगमंचावर येऊ दिली. मारहाणीच्या प्रवेशामागून झगमगीत गाणं येतं आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतो. साठ-सत्तरच्या दशकांत त्या जोडीला टाळ्या देणाऱ्या हजारो लोकांना पडद्यामागचं दिसत नव्हतं. आपण ते पाहून टाळ्या देतो. काही समीक्षकांना हे खटकलं. मला ते नाटकाचं बळ वाटतं, कारण तो अस्वस्थपणा गाण्याने पुसला जात नाही.

दुबळेपणाही आहे. दुसरा अंक घाईचा आहे, मुलं कथेच्या कडेलाच राहतात, आणि शेवटी पडदा पडल्यावरची छोटी मैफल प्रेक्षकांना उभं करण्यासाठीच आहे. भूमिकेचं ओझं इतकं की आठवड्याच्या आठ प्रयोगांपैकी काही प्रयोग दुसऱ्या अभिनेत्रीकडे द्यावे लागतात.

नाटकाची सुरुवात 1988 मधल्या रिओच्या माराकानातल्या प्रचंड मैफलीच्या आधीच्या क्षणांनी होते. टीना जप करते आहे आणि त्या जपात नटबुशच्या चर्चमधला आवाज मिसळतो. 1973 पासून ती निचिरेन बौद्ध परंपरेतला जप करत असे. ‘सद्धर्मपुंडरीक’ सूत्राला वंदन करणारा तो मंत्र आहे. पुढे ‘बियॉन्ड’ या सर्वधर्मीय प्रार्थनासंगीताच्या उपक्रमात तिच्याबरोबर पुण्याच्या सावनी शेंडे-साठ्येही गायल्या, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. 24 मे 2023 रोजी स्वित्झर्लंडमध्ये टीना गेली.

आपल्याकडे गायकांच्या आयुष्यावर चित्रपट झाले, ‘बालगंधर्व’ (2011) हा त्यातला ठळक. रंगमंचावर मात्र आपण अजून निवेदकाच्या आधाराने चालतो. दोन गाण्यांच्या मध्ये निवेदक आठवण सांगतो, वाद्यवृंद पुढचं गाणं उचलतो आणि वन्समोअर येतो. त्यात आनंद आहे, पण ते नाटक नव्हे. प्रयोग चालू असताना बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभ्या राहिलेल्या विठाबाई नारायणगावकर, किंवा तिकीट लावून जाहीर मैफली करण्याचं धाडस दाखवणाऱ्या हिराबाई बडोदेकर, यांच्या गाण्यांना रसिक आजही दाद देतात. नव्या नाटककारांना एवढंच मागणं आहे: त्यांची गाणी पोथीच्या क्रमाने लावू नका. कुठलं गाणं कुठल्या रात्री बोलायला हवं होतं, ते शोधा. आणि वारसांकडे परवानगी मागायला जाल तेव्हा दुःखाचीही परवानगी मागा.