समासातला शेरा

गेल्या जुलैमध्ये आमच्या महाविद्यालयातील तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने माझ्याकडून रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी' हे पुस्तक वाचायला नेले. ग्रंथालयातील प्रत कोणी तरी नेलेली होती, म्हणून मी माझी दिली. पुस्तके उसनी देण्याच्या बाबतीत मी काही फारसा उदार नाही. परंतु मराठीच्या प्राध्यापकाकडे कोणी आपण होऊन 1910 सालचे पुस्तक मागावे, असा प्रसंग वर्षातून एखादाच येतो. तेव्हा हात आखडता घेववत नाही.

आठ दिवसांनी पुस्तक परत आले. मुलीने एक पान उघडून माझ्यापुढे धरले आणि विचारले, "सर, हे तुम्ही लिहिलंय?"

समासात लाल शाईने, दोनदा अधोरेखित केलेला एकच शब्द होता : 'भित्रा!' उद्गारचिन्ह तर इतक्या जोराने ओढलेले की त्याचा ठिपका मागल्या पानावर उमटला होता. अक्षर माझेच. नाकबूल करण्याची सोय नव्हती.

हा शेरा कोणावर होता, हे जाणत्या वाचकांनी ओळखलेच असेल. 1873 साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पहिल्या पत्नी वारल्या. रानडे त्या वेळी एकतीस वर्षांचे, विधवाविवाहाचे नामांकित पुरस्कर्ते. आता हे विधवेशीच लग्न करणार, अशी मित्रांना आशा आणि वडिलांना धास्ती. वडिलांनी घाई केली, हट्ट धरला, आणि अकरा वर्षांची, अक्षरओळखही नसलेली एक मुलगी रानड्यांच्या घरात सून म्हणून आली. तीच रमाबाई. जे पत्नीच्या हातून लिहिले गेले ते पुस्तक नवऱ्यावरच्या भक्तीने ओथंबलेले आहे. पण या ठिकाणी रानड्यांच्या मनाची झालेली ओढाताण त्यांनी लपवलेली नाही.

हे पान मी प्रथम शिकवले तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. एम.ए.ची शाई वाळली नव्हती. तासाला उभा राहिलो की रानड्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात घालत असे. सगळ्या देशाला उपदेश करणाऱ्या माणसाला घरात एक 'नाही' म्हणता येऊ नये? मुले टाळ्या वाजवीत. टाळ्यांनी माणसाची मते पक्की होतात, हा माझा स्वतःवरूनचा अनुभव आहे.

आणि मी नुसता बोलत नव्हतो, वागतही होतो. माझे लग्न 2007 साली नोंदणी पद्धतीने झाले. अंतरपाट नाही, मंगलाष्टका नाहीत. नव्या घरात आलो तेव्हा आईला सत्यनारायण घालायचा होता. मी 'नाही' म्हटले. आई काही बोलली नाही. संध्याकाळी तिने केळी, तूप, साखर घालून साधा रव्याचा शिरा केला आणि देवापुढे वाटी ठेवून आम्हाला वाढला. शिरा उत्कृष्ट झाला होता. पूजेवाचून प्रसाद कसा खाल्लास, हा प्रश्न तिने मला विचारला नाही. मीही स्वतःला विचारला नाही.

आईचे सोवळेओवळे हा आमच्या घरातला जुना विषय. न्हाऊन, धूतवस्त्र नेसून स्वयंपाक; नैवेद्य होईपर्यंत तिला कोणी शिवायचे नाही; पिण्याच्या पाण्याच्या हंड्याला तिच्याशिवाय कोणाचा हात लागायचा नाही; दुधाची पिशवीसुद्धा नळाखाली धरल्याखेरीज कापली जायची नाही. धुणेभांडी करणाऱ्या बाईंचा कप खिडकीत निराळा असे. त्या कपावरून माझे आणि आईचे किती वाद झाले असतील! घटनेतील कलमांपासून एकनाथांच्या चरित्रापर्यंत सगळा दारूगोळा मी वापरून पाहिला. शेवटी लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' तिच्या हाती दिले. म्हटले, ही बाई आपल्या नाशिकजवळच्याच जलालपूरची, अस्सल सोवळ्या घरातली, हिचे वाच.

आईने वाचले. चार दुपारी वाचले. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे असे वेड की बाजारातले धान्यसुद्धा धुतल्याशिवाय घरात येत नसे, ते वाचताना ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "काय बाई एकेक माणसं!" असे म्हणून तिने पुस्तक मिटले, आणि पुस्तकाला बाहेरचे हात लागलेले म्हणून मोरीवर जाऊन हात धुतले.

मी कपाळाला हात लावला.

2014 च्या पावसाळ्यात वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. रुग्णालयातून घरी आणल्यावर रात्रीसाठी एक बाई ठेवल्या. त्यांना आम्ही सगळेच मावशी म्हणत असू. पन्नाशीच्या, अंगाने किरकोळ. पण सहा फुटी माणसाला कुशीवर वळवताना ओढाताण म्हणून कधी करायच्या नाहीत. मावशींची जात आईने विचारली नाही. आडनावावरून तिला समजायचे ते समजले. खिडकीत दुसरा कप आला. "अहो बाई, तुमचा चहा तिकडे ठेवलाय हं," एवढेच संभाषण. मी या वेळी वाद घातला नाही. तत्त्वाचा प्रश्न नव्हता म्हणून नव्हे. रात्री जागून सकाळी आठचा तास घेणाऱ्या माणसाजवळ वादाचे बळ नसते.

डिसेंबरातल्या एका रात्री वडिलांच्या घशात कफ अडकला. मी कामानिमित्त परगावी होतो, पत्नी मुलीला घेऊन माहेरी. घरात आई आणि मावशी दोघीच. पुढचे मला आईकडूनच कळले, तेही बऱ्याच दिवसांनी आणि तुकड्यातुकड्यांनी. वडील काळेनिळे पडू लागले. आईचे हात इतके कापत होते की तिला फोनचे आकडे दाबता येईनात. मावशींनी वडिलांना कुशीवर घेतले, पाठीवर थापा मारल्या, तोंडात बोटे घालून चिकट कफ ओढून काढला. अंथरूण बदलले, अंग पुसले. पहाटे साडेचारला वडिलांना झोप लागली. मग मावशी स्वयंपाकघरात गेल्या. त्या ओट्यापाशी तोवर त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. त्यांनी हंड्यातले पाणी घेतले, चहा केला आणि एक कप आईपुढे धरला.

आईने तो घेतला.

मी परत आलो तेव्हा खिडकी रिकामी होती. दोन्ही कप फळीवर आमच्या कपांत मिसळले होते. कुठला कोणाचा ते मलाही सांगता आले नसते. आई काही बोलली नाही. फक्त 'अहो बाई'चे 'अगं' झाले होते.

चहाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. पुण्यात ऑक्टोबर 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी जमली आणि त्यांच्यापुढे चहा आला. कोणी प्यायले, कोणी नुसता कप उचलून ठेवला. गोपाळराव जोशी या मिस्किल गृहस्थांनी नावे छापून आणली आणि पुढे दोन वर्षे पुण्यात त्या चहाची वाफ निवली नाही. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले, आणि 1892 साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. सुधारकही चिडले, सनातन्यांचेही समाधान झाले नाही. एवढ्या विद्वानांना जो चहा पचला नाही, तो माझ्या मराठी सातवी झालेल्या आईने पहाटे साडेचारला एकटीने पचवला. मात्र तिच्या बाजूने एक गोष्ट होती : तिच्यापुढे त्या क्षणी तत्त्व नव्हते, कप होता.

'स्मृतिचित्रे' मी त्यानंतर पुन्हा वाचले, आणि तोवर शिकवताना मी ज्यावरून भरधाव जात असे त्या भागापाशी थांबलो. नारायण वामन टिळकांनी 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई सव्वीस वर्षांच्या. काही वर्षे ताटातूट. मग नवऱ्याकडे आल्या, तरी आपले स्वयंपाकपाणी निराळे ठेवले. नवरा कवी, वक्ता, बोलण्याने माणसे जिंकणारा. त्याच्या वक्तृत्वाचा या एका श्रोतीवर परिणाम होईना. जातिभेद त्यांनी सोडला तो आपल्या मनाशी विचार करून, आपल्या वेळेला. आणि बाप्तिस्मा त्याच्याही नंतर, 1900 साली. मी वर्गात मात्र तोवर सांगत आलो होतो की टिळकांनी पत्नीचे परिवर्तन केले! वाक्यातला कर्ताच मी चुकवला होता, आणि मी व्याकरण शिकवतो.

वडील 2016 च्या जानेवारीत गेले. दहाव्याचा प्रश्न आला. माझ्या मागे मी काही करू नका असे लिहून ठेवलेले, मित्रांना ठाऊक असलेले. आईने हट्ट धरला नाही. हट्ट धरला असता तर सोपे झाले असते. हट्टाला 'नाही' म्हणायची मला सवय होती. ती एवढेच म्हणाली, "तुला पटत नसेल तर राहू दे. मी आपली घाटावर जाऊन बसेन थोडा वेळ."

मी गेलो. डोके भादरून, ओल्या पंचाने गोदाघाटावर बसलो. पिंडाला कावळा शिवेना. त्या सकाळी घाटावर इतके पिंड होते की कावळ्यांना अजीर्ण व्हावे. कारण उघड होते आणि मला ते दिसत होते. पण पायरीवर आई बसली होती आणि ती कावळ्याकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. गुरुजी म्हणाले, "काही राहिलं असेल तर बोला." पुण्याचे काका काही तरी बोलले. कावळा बसल्या जागी बसून राहिला. मग मी हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले, "बाबा, आईचं मी बघेन. काळजी करू नका." दीड वर्ष ते अंथरुणावर होते आणि हे वाक्य मी त्यांना बोललो नव्हतो. कावळा नंतर केव्हा शिवला ते मी पाहिलेच नाही.

तेराव्याला आईने मावशींना पहिल्या पंगतीला बसवले. नात्यातल्या एक आत्या कुजबुजल्या. आई वाढता वाढता म्हणाली, "दीड वर्ष यांना भरवलंय त्या हातांनी. पहिला मान त्यांचाच." आत्या जेवल्या. दोनदा खीर घेऊन जेवल्या.

म्हणजे झाले असे की, आई आणि मी दोघेही उलट दिशांनी निघालो आणि वाटेत कुठे तरी एकमेकांना ओलांडून गेलो. आता मी रानड्यांना निर्दोष सोडले आहे काय? नाही. माझी माघार एका सकाळीपुरती होती, तिची किंमत माझ्या केसांनी दिली. रानड्यांच्या माघारीची किंमत अकरा वर्षांच्या मुलीने दिली; आणि जिच्याशी ते लग्न करू शकले असते अशी कोणी विधवा होती, तिने ती आयुष्यभर दिली असेल. पुढे त्यांनी रमाबाईंना स्वतः शिकवले, त्या पुण्याच्या सेवासदनाच्या कर्त्या झाल्या, तरी तो हिशेब पुरा होत नाही. पण चुकीला चूक म्हणणे निराळे आणि चूक करणाऱ्याला काय झाले असेल ते न विचारताच शब्द फेकणे निराळे. वडिलांपुढे उभ्या असलेल्या मुलाच्या पायांत काय होते, हे चोवीसाव्या वर्षी मला कळण्यासारखे नव्हते.

अनुभवाने माणूस उमदाच होतो, असेही मला म्हणायचे नाही. माझे एक स्नेही तरुणपणी माझ्याहून जहाल होते. एका भाडेकरूने त्यांना फसवले, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि तेव्हापासून त्या भाडेकरूच्या सबंध समाजावर ते फुली मारून बसले आहेत. विचारले तर म्हणतात, "अनुभव आहे मला." एक माणूस भेटला, त्यावरून लाखोंचा पंचनामा! आईलाही एकच माणूस भेटला होता. एकाच अनुभवाने एकीचे दार उघडते आणि दुसऱ्याचे मिटते, याचे गणित मला अजून सुटलेले नाही. एक खरे, की आईने आपल्या अनुभवातून काही सिद्धान्त काढला नाही, नुसता कप हलवला.

गांधीजींनी 1921 साली रोटीबेटीच्या बंधनांची बाजू घेतली होती आणि अखेरच्या वर्षांत, एक पक्ष हरिजन असेल अशाच विवाहाला आशीर्वाद देईन असा त्यांचा आग्रह होता. माझ्या दोन लेखांत विसंगती दिसली तर नंतरचा धरा, असे त्यांनी 'हरिजन' पत्रात 1933 साली सांगून टाकले. ही सवलत माझ्यासारख्या शेरे मारणाऱ्याला फार सोयीची आहे. म्हणूनच ती घेताना जरा संकोच वाटतो.

त्या विद्यार्थिनीला मी यातले थोडेसे सांगितले, सगळे नाही. तिने विचारले, "मग सर, हा शब्द खोडणार का?"

खोडला नाही. त्याच्याखाली पेन्सिलीने लिहिले : 'वय वर्षे 24.' तिने ते वाचले आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की तिच्याही मनात एखादा शेरा तयार होत असावा. तिचे वय वीस आहे.

आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. दुधाची पिशवी अजून धुते. नैवेद्य होईपर्यंत अजून कोणाला शिवू देत नाही. देवाचे ते देवाचे, असे तिचे म्हणणे. मावशी आता कामे करीत नाहीत, गुडघे दुखतात. पण दिवाळीत पाडव्याच्या दुपारी फराळाचा डबा घेऊन येतात. गेल्या वर्षी आईने त्यांच्या डब्यातली चकली मोडली, तोंडात टाकली, डोळे मिटून चावली आणि म्हणाली, "अगं, मोहन कमी पडलंय तुझं. मागल्या वर्षीही सांगितलं होतं मी."

"तुमचीच भाजणी आहे, आई," मावशी म्हणाल्या. "तुम्हीच दिली होती."

आईने दुसरी चकली घेतली.