सत्ता केंद्राकडे की स्थानिक पातळीवर? गेममधला एक आकडा इथे फसतो
राजकीय सिम्युलेशन गेममध्ये हा प्रश्न अनेकदा एकाच पट्टीवर मोजला जातो. २००७ च्या 'युरोपा युनिव्हर्सालिस ३'मध्ये देशासाठी अशी पट्टी होती: एका टोकाला केंद्रीकरण, दुसऱ्या टोकाला विकेंद्रीकरण.

पण हीच पट्टी पक्षाला लावली तर?

स्कॉटलंडमधला 'स्कॉटिश नॅशनल पार्टी' हा पक्ष घ्या. तो लंडनकडचे अधिकार एडिनबराकडे मागतो, म्हणजे विकेंद्रीकरणवादी. पण त्याच्याच सरकारच्या काळात, २०१३ मध्ये, स्कॉटलंडमधली ८ प्रादेशिक पोलीस दलं विलीन करून एकच दल तयार झालं. म्हणजे राज्याच्या आत केंद्रीकरण!

दोन्हींची सरासरी काढली, तर पक्ष 'मधला' दिसेल आणि खरी भूमिका झाकली जाईल. त्यामुळे पक्षाला दिलेला असा गुण दिसला की आधी विचारा: सत्ता कोणाकडून कोणाकडे?