हिशेबनीसांचे प्रेमपत्र
४ मे २०००, गुरुवारची दुपार. आमच्या कचेरीतले हिशेबनीस म्हणजे मोठे करडे गृहस्थ; चहालासुद्धा कधी कोणाला विचारले नाही. त्यांच्याकडून मला ई-मेल यावी, आणि विषय काय, तर ‘आय लव्ह यू’! वाचकहो, हसू आवरेना. सोबतचे पत्र उघडले आणि फसलो.

नावाच्या शेवटी ‘टीएक्सटी’ दिसत होते, म्हणजे साधा मजकूर. पण त्यापुढे आणखी तीन अक्षरे होती, ‘व्हीबीएस’. ती विंडोज आपण होऊन झाकून ठेवी. ते पत्र नव्हतेच; चालता प्रोग्रॅम होता. त्याने माझ्या पत्त्यांच्या यादीतल्या झाडून साऱ्यांना माझ्याच नावे तेच प्रेमपत्र धाडले. (अमेरिकेतल्या मेव्हण्यालाही!) मनिलाहून निघालेला हा किडा एका दिवसात जगभर पसरला.

तारा उपटल्या, तोवर उशीर झाला होता. गाणी त्याने नुसती लपवली होती. ती परत मिळाली. चित्रांच्या फायली मात्र पुसून त्यांजागी तो स्वतःच बसला होता. आईचे स्कॅन करून ठेवलेले फोटो त्यांत गेले. मूळ प्रती आधीच्या पावसाळ्यात भिजून वाया गेलेल्या.

आता फायलींची पुरी नावे दिसतील अशी सोय करून ठेवतो. अनपेक्षित काही जोडून आले, की उघडण्यापूर्वी धाडणाराला फोन करतो. फोटोंची एक प्रत निराळ्या डिस्कवर, कपाटात.

हिशेबनीसांनी पुढे आठवडाभर माझ्याकडे मान वर करून पाहिले नाही.