कालव्यावरचा राजदिन

एप्रिलअखेरीस लोह्यात पाणी जपून वापरावे लागते. ॲमस्टरडॅममध्ये मात्र ते दाराशी उभे असते. २७ एप्रिल हा राजे विलेम-अलेक्झांडर यांचा जन्मदिवस. २०१४ पासून तो राजदिन म्हणून साजरा होतो. ऑरेंज हे राजघराण्याचे नाव, म्हणून अवघे नगर नारिंगी वस्त्रे लेते. त्या दिवशी रस्त्यावर जुन्या वस्तू परवान्याशिवाय विकण्याची मुभा असते. नातीनेही सकाळी चादर अंथरली. तीवर मी नांदेडहून आणलेली बाहुली पाहिली आणि मन चरकले.

दुपारी सतराव्या शतकातील कालव्यांतून नौकाविहार होता. आसपासच्या नावांवर मद्य आणि कर्णकर्कश संगीत. सूनबाईंनी म्हणूनच आमच्यासाठी निराळी, विजेवर चालणारी छोटी नाव ठरविली होती. पूल इतके ठेंगणे की मान लववावी लागे! डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. मला चिंता चौविहाराची. पण लोह्यात पावणेसातच्या सुमारास मावळणारा सूर्य येथे रात्री नऊपर्यंत तळपत होता. आम्ही निवांत जेवलो.

"आजी, ही तूच का घेतलीस?" माझ्या मांडीवरील बाहुलीकडे पाहून नातीने विचारले. सकाळी मी निमूटपणे दोन युरो मोजले होते.