वालधुनी आणि सामायिक सांडपाणी

अंबरनाथच्या शिवमंदिराशेजारून (इ.स. 1060) वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगर, कल्याण ओलांडून उल्हास नदीला मिळते.

तिच्या काठच्या छोट्या कारखान्याला स्वतःचा पूर्ण शुद्धीकरण प्रकल्प परवडत नाही. म्हणून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (एमआयडीसी) वसाहतींतले कारखाने सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र (सीईटीपी) चालवतात. प्राथमिक प्रक्रिया आपापल्या आवारात, पुढची केंद्रात. तिथे समतोल टाकीत सगळ्यांचे पाणी एकजीव होते, आम्लता मोडायला चुना पडतो, गाळ तळाशी बसतो आणि हवा खेळवलेल्या टाकीत जिवाणू उरलेली घाण खातात. एकाने जरी रात्रीत जहाल रसायन सोडले, तरी हे जिवाणू मरतात आणि सर्वांचेच पाणी बिघडते. खरी नाजूक जागा हीच.

नोव्हेंबर 2014 मध्ये टँकरने वालधुनीत रसायन ओतल्यावर उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वास घेणे कठीण झाले. ‘वनशक्ती’ या पर्यावरण संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने जुलै 2015 मध्ये पालिका, एमआयडीसी आणि प्रक्रिया केंद्रे अशा सगळ्यांनाच नदीच्या प्रदूषणाबद्दल दंड केला. एकमेकांकडे बोट दाखवण्याची सोय त्याने संपवली, म्हणून हा निकाल मोलाचा.

अपघातानंतरच जाग येणे फक्त इथलेच नाही. युरोपात ऱ्हाईन नदीसाठी पाच देशांचा आयोग 1950 पासून आहे. पण 1986 साली बाझेलजवळच्या रसायन-गोदामाला आग लागली, रसायने नदीत जाऊन मासे मेले, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी ठोस कृती आराखडा आला.

नदीत टँकर रिकामा होताना दिसला, तर वेळ, ठिकाण आणि गाडीचा नंबर टिपून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण कार्यालयाला कळवा.