आनंद व हास्य, ख्रिस्ती धर्मातील
ख्रिस्ती धर्मविचारात आनंद हा श्रद्धेचा स्वाभाविक परिणाम मानला जातो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने पवित्र आत्म्याच्या फळांत प्रीतीच्या पाठोपाठ आनंद सांगितला आहे. फिलिप्पैकरांस पत्र त्याने बंदिवासातून लिहिले. तरीही आनंदाचा उपदेश त्यात वारंवार येतो. हा आनंद अनुकूल परिस्थितीवर अवलंबून नाही, असा त्याचा आशय. हास्याकडे मात्र धर्माने दीर्घकाळ साशंकतेने पाहिले.

'इसहाक' या नावाचा अर्थ 'तो हसतो' असा आहे. वृद्धापकाळी पुत्र होणार हे ऐकून सारा प्रथम अविश्वासाने हसली. पुत्रजन्मानंतर तेच हास्य कृतज्ञतेचे झाले. शुभवर्तमानांत येशूच्या रडण्याचे उल्लेख आहेत, हसण्याचा एकही नाही. संत योहान क्रिझोस्टोम (सु. ३४७–४०७) याने यावर बोट ठेवले, संत बेनेडिक्ट (सु. ४८०–५४७) याच्या मठनियमांतही हास्याला आवर घातलेला आहे. केवळ अनुल्लेखावरून काढलेला हा निष्कर्ष दुबळा होय. काना येथील लग्नात ज्याने पाण्याचा द्राक्षारस केला, तो तेथे सुतकी चेहऱ्याने बसला असेल, असे मानणे कठीण आहे. टॉमस अक्वायनस (सु. १२२५–७४) याने थट्टेच्या अतिरेकाप्रमाणेच विनोदाचा अभावही दोषास्पद ठरविला. जर्मनभाषक प्रदेशात ईस्टरच्या दिवशी प्रवचनकार विनोदी कथा सांगून श्रोत्यांना हसवीत. मृत्यूच्या पराभवाचा तो उत्सव असे. त्यातील ग्राम्यतेवर १५१८ मध्ये एकोलंपाडिउस या धर्मसुधारकाने टीका केली.

आपल्या अनुयायांना 'देवाचे भाट' म्हणविणाऱ्या असीसीच्या संत फ्रान्सिसचा पंथ पोर्तुगीजांबरोबर कोकणात आला. रेवदंड्याच्या कोटात फ्रान्सिस्कनांप्रमाणेच डॉमिनिकन व जेझुइट पंथीयांचेही मठ होते. १७४० मध्ये चौल-रेवदंडा मराठ्यांकडे गेले आणि हे मठ ओस पडले. खाडीपलीकडील कोर्लई येथे मात्र ख्रिस्ती वस्ती टिकली. पोर्तुगीज व मराठी यांच्या संपर्कातून घडलेली तिची बोली 'नॉ लिंग' (आमची भाषा) या नावाने ओळखली जाते. अभ्यासकांचे लक्ष बहुधा भग्न मनोऱ्यांकडे जाते. परंतु राजसत्ता गेल्यावरही घरात आणि गाण्यांत जगलेली ही बोली त्या समाजाच्या आनंदाची अधिक बोलकी खूण आहे.

मराठी प्रॉटेस्टंट समाजात नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग, भजन व कीर्तन यांचा उपासनेसाठी उपयोग केला. कीर्तनात रसाळ कथन व विनोद यांना पूर्वापार स्थान असल्याने परकी प्रार्थनारीतीचा अवघडपणा त्यामुळे कमी झाला. हास्याचे श्रेष्ठ उदाहरण मात्र लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या 'स्मृतिचित्रे' (१९३४–३७) या आत्मकथनात आढळते. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यामुळे पतिपत्नींची ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये तो स्वीकारला. वियोगाचे दुःख त्या लपवीत नाहीत. तथापि पतीचा विक्षिप्तपणा आणि त्याहूनही अधिक स्वतःच्या सोवळ्याओवळ्याच्या कल्पना त्यांच्या विनोदाचा विषय होतात. सोडून दिलेल्या धर्मातील आप्तांना त्या हिणवीत नाहीत. स्वीकारलेल्या धर्माचीही भीड त्या बाळगीत नाहीत.